दस्ता मुलाच्या मापाचा असावा

१ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत, गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून नेम मारीत, ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक पदक लाभण्याचा हा पहिलाच योग. तेव्हांपासून आमच्या देवपुरांतील मुलेंही नेमबाजीच्या गोष्टी बोलूं लागलीं आहेत. परंतु त्या गोष्टींत तीक्ष्ण डोळा असतो, स्थिर हात असतो. बंदुकीच्या दस्त्याचें नांवही कोणी काढीत नाहीं.

या खेळांतील काडतूस .२२ इंचाचें, रिमफायर जातीचें. म्हणजे त्याची पेट घेणारी दारू बुडाच्या कडेंत भरलेली असते. गोळीचा वेग सेकंदास सुमारें ३३० मीटर, लष्करी रायफलीच्या निम्म्याहूनही कमी. चाप ओढल्यावर ती नळीबाहेर पडेपर्यंत बंदूक किंचित् हालली तरी नेम चुकला. आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर! त्यांतून लाकडी दस्ता पावसाळ्यांत फुगतो, खानदेशी वैशाखांत आकसतो, आणि नळीस कधीं येथें तर कधीं तेथें रेटतो. म्हणून जाणता कारागीर नळी व दस्ता यांमध्यें कागदाची पट्टी सहज सरकेल इतकी फट राखतो, दस्त्यांतील बैठक पक्की करतो व तिचे स्क्रू नेहमीं सारख्याच जोरानें आवळतो.

परंतु आमच्या मतें याहून मोठी गोष्ट मापाची. दस्ता लांब असला कीं लहान चणीचें मूल पाठीमागें कलतें, मान ताणतें, गाल प्रत्येक खेपेस निराळ्या जागीं टेकतो आणि डोळा माशीच्या रेषेंत राहत नाहीं. स्पर्धेच्या बंदुकीस गालाची व खांद्याची पट्टी सरकविण्याची सोय असते ती याचसाठीं. शाळकरी मुलांस मात्र बहुधा एकच बंदूक सर्वांस! गोळ्या विखुरल्या कीं 'नेम कच्चा' असा शेरा त्या बिचाऱ्यांच्या नांवापुढें पडतो. शौलाचें चिलखत घालून दावीदास चालवेना, म्हणून त्यानें तें उतरून ठेविलें; त्यावरून तो दुबळा ठरला नाहीं.

सैनिकास कोठें मापाची बंदूक मिळते, असें कोणी विचारील. मिळत असे, जुन्या ली-एनफील्ड रायफलीचे दस्ते आखूड, मध्यम व लांब अशा मापांत बनत.

सरकारी बंदुकीस कानस लावणें अर्थातच वर्ज्य आहे. दस्त्याचें काम परवानाधारक कारागिराचें. पालकांनीं तें घरीं करूं नये. पण शाळेनें हवेच्या बंदुका घेतांना चार स्वस्त घेण्यापेक्षां माप बदलतां येणाऱ्या दोनच घ्याव्या. आणि शिक्षकांनीं शेरा लिहिण्यापूर्वीं रिकाम्या बंदुकीचें बूड मुलाच्या कोपराच्या घडींत ठेवून त्याचें बोट चापापर्यंत सहज पोहोंचतें कीं नाहीं, एवढें पाहावें. डावखुऱ्या मुलांची बंदूक तर निराळीच लागेल. तिची मागणीही याच वर्षीं करावी.