यमक जुळलं, अर्थाचं काय?

मंडळी, विक्रोळी पश्चिमेला पार्कसाईट आहे. रिक्षात बसायचं, 'पार्कसाईट' म्हणायचं, बरोबर जागी उतरायचं. त्यातल्या 'साईट'चं स्पेलिंग काय, याच्याशी रिक्षावाल्याला काही देणंघेणं नसतं. पण तोच शब्द शाळेच्या वहीत आला की पंचाईत. एस-आय-टी-ई म्हणजे जागा, एस-आय-जी-एच-टी म्हणजे दृष्टी आणि सी-आय-टी-ई म्हणजे दाखला देणे. उच्चार तिन्हींचा एकच! अशा शब्दांच्या लांबच लांब याद्या मुलांना पाठ करायला दिल्या जातात, आणि मग 'इंग्रजी म्हणजे विचित्र भाषा बुवा' असं आपणच म्हणतो.

मला हे पटत नाही. आपण मराठीत वेगळं काय करतो? सोमवार हा वार, तलवारीचाही वार आणि नऊवारी साडी मोजतात तोही वार. सरकारला भरतो तो कर, देवापुढे जोडतो ते कर, आणि आई ओरडते 'अभ्यास कर'. यांची यादी कोणी पाठ केली होती? वाक्य कानावर पडलं की अर्थ आपोआप कळतो. आपल्या जुन्या कवींनी तर याचा खेळच केला. यमक म्हणजे मुळात तीच अक्षरं पुन्हा आणायची, पण अर्थ वेगळा. वामन पंडितांना त्या हौसेपायी 'यमक्या वामन' म्हणत, आणि मोरोपंतांच्या (१७२९-१७९४) आर्या त्याच करामतीसाठी प्रसिद्ध आहेत.

इंग्रजीची खरी अडचण आहे ती स्पेलिंगची. १४७६ च्या सुमारास कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण लोकांचे उच्चार मात्र बदलतच राहिले. सरदार या अर्थाच्या 'नाईट'मधला पहिला 'के' एके काळी खरंच उच्चारला जायचा. तो बोलण्यातून गेला, कागदावर राहिला, आणि हा सरदार रात्रीच्या 'नाईट'शी जुळून बसला. उलटही झालं. टफ, कॉफ, दो, थ्रू या चारही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरं. डोळ्याला यमक, कानाला काहीच नाही! त्यातल्या 'कॉफ'ला आपण केमिस्टच्या दुकानात 'कफ सिरप' करून टाकलं, म्हणजे संस्कृतातला कफ, शर्टाचा कफ आणि हा कफ असे तिघे एका घरात नांदायला लागले. कोणाचं काही अडलं?

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही मराठी शाळेतलं एखादं पोर 'के'सकट 'क्नाईट' वाचतं तेव्हा चारचौघांत हसू फुटतं. खरं तर देवनागरीने त्याला जे शिकवलं तेच ते करतंय: लिहिलंय तसं वाच. यात त्याच्या अकलेचा काय दोष? पण त्या हसण्याने पोर तोंड मिटतं, आणि आईवडील म्हणतात, 'आपलं चुकलंच, मराठी शाळेत घातलं.' कन्नमवार नगर काय नि टागोर नगर काय, घरोघरी हेच ऐकू येतं.

माझं साधं म्हणणं आहे. आधी कान, मग स्पेलिंग. सुटा शब्द देऊ नका, वाक्य द्या. 'बाबा साईटवर गेलेत' हे ऐकून एकही मूल बाबांच्या नजरेचा विचार करत नाही. ज्याची मराठी पक्की, त्याच्याकडे ही समज आधीपासूनच आहे, फक्त ती वापरू द्यायला हवी.

असो. पुढच्या वेळी घरातलं भाचरू किंवा पुतण्या काही चुकीचं वाचेल तेव्हा हसण्याआधी त्याला तो शब्द एका वाक्यात म्हणून दाखवा. आणि तुमच्याकडे असे जुळे शब्द असतील तर जरूर कळवा, पण वाक्यासकट हं!