सुप्याचे दंगेखोर आणि बोस्टनचे देशभक्त

१/
१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारपेठेत सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. पहिल्या घटनेला पाठ्यपुस्तके क्रांतीची नांदी म्हणतात; दुसरीला ‘दख्खनचे दंगे’. दोन्हीकडे नाश झाला तो मालमत्तेचा, आणि दोन्हीकडे राज्यकर्ते एकच होते. मग एकाला देशभक्ताची आणि दुसऱ्याला दंगेखोराची पदवी मिळाली कशी?

२/
सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात मोडे. शहाजीराजांच्या जहागिरीतले हे जुने ठाणे. आसपासच्या खेड्यांतील कुणबी तेथे जमले, त्यांनी सावकारांकडे वह्या व रोखे मागितले आणि मिळाले ते पेटवून दिले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगही लागली; पण माणसांवर हात क्वचितच उगारला गेला. जमावाला कागद हवा होता. पुढील काही आठवड्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील ३० हून अधिक गावांत हेच घडले.

३/
या कागदाचा इतिहास शोधायचा तर शेजारच्या इंदापुरात जावे लागते आणि वर्षही मागे न्यावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमीन मोजून सारा ठरविण्याचे काम हाती घेतले. हा गृहस्थ हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला, अर्थशास्त्रातील खंडाचा सिद्धान्त डोक्यात घेऊन आलेला. त्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हा सरकारचा वाटा धरला. उत्पन्नाचे अंदाजच चुकीचे होते. त्यात धान्याचे भाव कोसळले आणि १८३२ ते ३४ चा दुष्काळ आला. इंदापूरची रयत जमिनी टाकून निघून गेली. शिवारे ओस पडली. वसुलीसाठी रयतेचा अनन्वित छळ झाला, ही कबुली मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासकीय अहवालात आहे.

४/
गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरातच नवी जमाबंदी बसविली. दर उतरविले, ते तीस वर्षांसाठी कायम केले. ओस जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. सारा योग्य असला की रयत टिकते, हे सरकारला तेव्हाच उमगले होते. म्हणूनच पुढे जे घडले त्याला अज्ञानाची सबब चालत नाही.

५/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्रिटनला तेथून वर्षाला सुमारे २० लाख गठ्ठे कापूस जाई. १८६२ मध्ये तो ५५ हजारांवर आला. लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या, दख्खनमध्ये पैसा खेळू लागला आणि सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव घसरले, उसनवारी आटली. नेमक्या याच सुमारास इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली, तीही तेजीच्या भावांवर नजर ठेवून. काही ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. नीरेचा कालवा अजून यायचा होता. पाऊस मात्र पूर्वीइतकाच लहरी होता.

६/
१७६५ मध्ये अमेरिकन वसाहतवाले मुद्रांकित कागदाच्या सक्तीवर खवळले होते. बोस्टनमध्ये मुद्रांक विकण्यास नेमलेल्याचा पुतळा जाळला गेला, आणि संसदेने पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घेतला. दख्खनच्या शेतकऱ्याचा गळाही मुद्रांकित कागदानेच आवळला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे वैध ठरला. हेतू व्याजाला आळा घालण्याचा. परिणाम असा, की सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. अक्षरशत्रू कुणबी त्यावर अंगठा उठवी. दिवाणी कोर्ट रोख्यावरचा आकडा पाही, त्याच्या आतली हकीकत पाहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे सुटत.

७/
यावर एक आक्षेप येतो: रोष इंग्रजांवर नव्हता, परप्रांतीय सावकारांवर होता. त्यात तथ्य आहे. ब्राह्मण सावकार असलेल्या गावांतही बहुधा मारवाडी आणि गुजर सावकारांच्याच वह्या जळाल्या. हे झाकून उठावाला निर्मळ स्वातंत्र्ययुद्ध ठरविणे हाही इतिहासाचा विपर्यासच. पण आजकाल काही उत्साही मंडळी यातून ‘भूमिपुत्र विरुद्ध उपरे’ अशी सोयीची गोष्ट काढतात, तेव्हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सावकार पेशवाईतही होता. मग गहाण जमीन सहजी गिळण्याचे सामर्थ्य त्याला दिले कोणी? ठराविक तारखेला रोकड सारा मागणाऱ्या सरकारने आणि त्याच सरकारच्या कोर्टाने. सावकार दारात दिसत होता, कलेक्टर दिसत नव्हता.

८/
चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने साऱ्याला दोषमुक्त केले आणि सावकाराला धरले. सारा बसविणाऱ्यानेच साऱ्याचा न्याय केल्यावर दुसरे काय व्हावे! तरीही त्याच सरकारने १८७४ मध्येच, दंग्याआधी, वाढीवर मर्यादा घातली होती: तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. सारा निर्दोष असेल तर त्याला लगाम कशासाठी?

९/
‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ हा बोस्टनचा घोष मराठीतही उमटला होता. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने शेतसाऱ्याची चौकशी केली आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानला ब्रिटिश संसदेत थेट प्रतिनिधित्व मिळावे, असा अर्जही धाडला. तो मान्य झाला नाही. अमेरिकनांपाशी प्रांतिक विधिमंडळे होती, वृत्तपत्रे होती, बंदुका होत्या. सुप्याच्या कुणब्यापाशी काडेपेटी होती.

१०/
खरे तर सुप्याचे सख्खे भावंड चहापेक्षा पुढच्या एका घटनेत सापडते. १७८६-८७ मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी कोर्टे बंद पाडली. त्यांचा पुढारी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माणूस. स्वतंत्र अमेरिकेनेही त्यांना बंडखोरच म्हटले.

११/
१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांत कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे जवळपास बंद झाले. रोख्यामागचा मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. म्हणजे सुप्यात जाळलेला कागद खोटा असू शकतो, हे सरकारने चार वर्षांनी मान्य केले. शेतसाऱ्याला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही.