कृत्तिकांपासून औंढ्यापर्यंत

कार्तिकात दिवेलागणीनंतर उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवरून पूर्वेला पाहिले, की कृत्तिकांचा पुंजका वर येताना दिसतो. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे मोजता येतात. प्रत्यक्षात तेथे हजारभर तारे आहेत, एकाच वायुमेघातून जन्मलेले, सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर. हा खुला तारकागुच्छ. लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा गच्च गोळा असेल, तर तो बंदिस्त तारकागुच्छ.

असे गुच्छ, सुटे तारे, वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेली असतात ती दीर्घिका. आपल्या आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत. दीर्घिकांचेही समूह असतात. पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

आकाशगंगेच्या केंद्रात ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्यातून प्रकाशही सुटत नाही. भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षांवरून त्याचा ठाव लागला. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना उठलेल्या गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वेधशाळांत प्रथमच टिपल्या गेल्या. तशीच, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली.