गडग्यातली वाट

दिवाळी अंकासाठी काहीतरी गोड लिहा, असा संपादकांचा निरोप दरवर्षी येतो. वर्षभर या सदरातून मी आपल्याशी लोणची, सुना, नातवंडे आणि गुडघेदुखी यांविषयी बोलत असते. मग दिवाळीलाच कडू का लिहावे? परंतु यंदा जी गोष्ट मनात घोळते आहे ती सुरुवातीला कडूच आहे. आमच्या रत्नागिरीकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, त्याचा कडू थेंब जिभेला लावतात आणि मग पोह्यांकडे वळतात. दूधपोहे, गूळपोहे, दडपे पोहे, ताकातले पोहे! तेव्हा आधी कडू आणि मग गोड हा क्रम दिवाळीला नवा नाही.

माझे लग्न १९७२ साली झाले. रत्नागिरी शहराच्या कडेला आमची वाडी. चिऱ्याचे घर, पुढे ओटी, मागे पडवी, विहीर आणि उतारावर हापूसची कलमे. घरात सासूबाई, मामंजी, थोरले दीर (त्यांना सगळे दादा म्हणत) आणि थोरल्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणे. मी पुण्याची, मला नारळ खोवण्यापासून शिकवावे लागले. विळीवर बोट कापले की वहिनी हळद दाबून धरीत आणि म्हणत, "अगो, नारळ पळून जात नाही. सावकाश." घावने, उकडीचे मोदक, फणसाची भाजी, सारे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांना मूल नव्हते. माझी दोन्ही मुले चालायला शिकली ती त्यांचे बोट धरून.

पुढे सासूबाई गेल्या, मग मामंजी गेले, आणि १९८६ साली वाटणी झाली. ज्या घरांत वाटणी झाली असेल त्यांना अधिक सांगायला नको. नवा सातबारा, तलाठ्याकडे खेपा, 'आम्हाला काही नको' असे म्हणत एकेक पायली मोजून घेणे. आमचे सारे सुरळीत होत आले होते. अडले ते विहिरीजवळच्या सात कलमांवर. ती दादांच्या वाट्याला जावीत, कारण त्यांनी ती स्वतः पाणी घालून वाढविली होती. ती आम्हाला मिळावीत, कारण आम्हाला दोन मुले होती. असा वाद चालू असता एके संध्याकाळी माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले. "वहिनी, तुमच्या मागे खायला आहे कोण, की एवढी हाव?"

वाचकहो, आज इतक्या वर्षांनी ते वाक्य लिहितानाही हात थांबतो. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराने हात पुसून आत गेल्या. दुसऱ्याच दिवशी दादांनी जांभ्या दगडाचा गडगा घालायला घेतला. गडी लावला नाही. स्वतः एकेक दगड रचला. पाचव्या दिवशी अंगणाची दोन अंगणे झाली. आमच्या वाट्याला पलीकडची माडी आणि पडवी आली होती. तेथे आम्ही नवी चूल मांडली. सात कलमे अखेर दादांकडेच राहिली.

त्यानंतर दहा वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. गणपती मूळ घरी, म्हणजे दादांकडे. आमचे हे पाचही दिवस आरतीला जाऊन उभे राहत आणि पाण्याचा घोटही न घेता परत येत. मी जात नसे. गडग्यापलीकडून टाळांचा आवाज येई आणि मी भांडी जोरजोरात घासत बसे. कोणी विचारले तर मी चूक त्यांचीच सांगे. ते एक वाक्य मात्र मी कधीच कोणाला सांगितले नाही. ह्यांनाही नाही.

१९९६ सालचा जुलै. पाऊस असा की आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. एके रात्री जेवून उठताना ह्यांच्या हातातला तांब्या पडला. उचलायला गेले तो हात वळेना. तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द घोगरे झाले. वीज गेली होती. 'वाताचा झटका असेल, तेल चोळू, सकाळी डॉक्टरांकडे जाऊ' असे मीच म्हटले आणि रात्र काढली. तो अर्धांगवायू होता. आज डॉक्टर सांगतात की अशा वेळी घटकाही दवडू नये. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत दिले तरच त्याचा उपयोग. म्हणून सांगते, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर तेल शोधू नका, वाहन शोधा. त्या वेळी आमच्यासारख्यांना ते ठाऊक नव्हते.

अकरा दिवस इस्पितळात गेले. त्या अकरा दिवसांत मी कोणता देव सोडला? रत्नदुर्गावरच्या भगवतीला ओटी बोलले, भैरीला नारळ बोलले, गणपतीपुळ्याच्या गणपतीला एकवीस मोदक बोलले. बाराव्या दिवशी हे घरी आले ते चौघांनी उचलून. उजवे अंग निर्जीव, वाचा बंद. डोळे तेवढे माझ्यामागे फिरत. त्या संध्याकाळी मी देवघराकडे पाहिले आणि दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनात म्हटले, मी इतकी वर्षे वात लावली, आता तुझ्या घरात अंधार कसा वाटतो ते तूही बघ. देवाशी अबोला धरणे मला कठीण गेले नाही. अबोल्याची मला चांगली सवय झालेली होती.

मुलगी पुण्यात शिकत होती. ती कुंभार्ली घाटातून भर पावसात एस.टी.ने आली, पण परीक्षा तोंडावर, आठ दिवसांनी मीच तिला परत धाडली. मुलगा दहावीत. उरले मी एकटी. अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादरीची एक सुरकुती राहिली तरी कातडी लाल होते. पेज भरवायची ती डोके उंच करून आणि चमच्या-चमच्याने, नाहीतर ठसका लागतो. दिवसा हे जमे. रात्री दोनला आणि चारला उठताना मात्र भिंत धरावी लागे.

नवव्या की दहाव्या रात्री बसल्या जागी माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा पहाट झाली होती आणि चुलीपाशी कोणीतरी होते. डोक्यावर इरले, पायांना चिखल, समोर उकड्या तांदळाची पेज रटरटत असलेली. वहिनी!

मी उठून बसले. काय बोलावे सुचेना. त्यांनीच मागे न बघता म्हटले, "पेज मी करत्ये. तू पड जराशी. त्याला कोणत्या कुशीवर ठेवलायस?"

"डाव्या."

"मग मी सहाला फिरवीन."

दहा वर्षांनंतरचे आमचे पहिले बोलणे ते एवढेच. मी खरोखरच झोपले. उठले तेव्हा सातला आले होते, ह्यांची कूस बदललेली होती, चादर ताठ होती आणि देवघरात दिवा जळत होता. मी त्याविषयी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

त्या दिवसापासून रात्रीच्या दोन पाळ्या झाल्या. दोनपर्यंत मी, दोननंतर वहिनी. पेज, मेतकूट, मऊ भात त्यांच्या चुलीवरून येई, कारण माझी चूल पाणी तापविण्यात गुंतलेली. आता पाहा, गडगा घातल्यामुळे त्या घरातून या घरात यायचे तर रस्त्यावरून वळसा घालावा लागे. पाऊस डोक्यावर, हातात गरम पातेले. तीन-चार दिवस दादा ओटीवर बसून हे बघत होते. तोपर्यंत ते आमच्याकडे आले नव्हते. पाचव्या दिवशी दुपारी मला पहारीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तो दादा भिजत उभे, आणि गडग्याचे दगड एकेक करून काढून बाजूला ठेवीत आहेत. एक माणूस पातेले घेऊन जाईल एवढी वाट झाली. मग पहार खांद्यावर टाकून ते आत आले, ह्यांच्या उशाशी बसले आणि धाकट्या भावाचा निर्जीव हात हातात घेऊन संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

हे बरे झाले, पण पुरते नाही. दिवाळीपर्यंत बसू लागले, संक्रांतीला काठी घेऊन पडवीपर्यंत आले. वाचा परतली ती अडखळत. पहिला ओळखू येण्याजोगा शब्द 'वहिनी' असा होता. मला थोडा हेवा वाटला, हे कबूल करते!

पुढल्या हिवाळ्यात आम्ही चौघे पावसला गेलो. रत्नागिरीपासून ते वीसेक किलोमीटर. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले, दुपारी खिचडीचा प्रसाद घेतला आणि 'अनंत निवास' पाहायला गेलो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्वामींचे मूळ नाव रामचंद्र विष्णु गोडबोले. जन्म १९०३ सालचा, पावसचाच. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गेले. १९३४ साली पावसला त्यांना असे दुखणे आले की जगतात की नाही अशी अवस्था झाली. अनंत निवास हे देसाई कुटुंबाचे घर. त्या घरातल्या एका खोलीत स्वामी राहिले ते १५ ऑगस्ट १९७४ रोजी देह ठेवीपर्यंत. चाळीस वर्षे! प्रकृती कायमची नाजूक. ज्ञानेश्वरी त्यांनी सोप्या अभंगांत उतरविली ती याच घरात राहून.

त्या घराच्या ओटीवर टेकलो असता मी अखेर धीर केला. ह्यांना आणि दादांना ऐकू जाणार नाही असे पाहून विचारले, "वहिनी, मी तुम्हाला तसे बोलले होते. तरी तुम्ही आलात कशा?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "येणार नव्हत्ये. तू बोललीस ते मी रोज आठवीत होत्ये. तो इस्पितळात आहे हे कळले तेव्हा इथे आल्ये, त्याला बरे वाटावे म्हणून बोलायला. ही खोली बघितली आणि मनात आले, देसायांनी गोडबोल्यांच्या मुलाला चाळीस वर्षे सांभाळले, आणि मी देवाकडे काय मागत्ये, तर माझ्या दिराला तू बघ! गडग्यापलीकडे माझे दोन हात पोचत नाहीत आणि देवाने मात्र यावे? लाज वाटली गो. मग मागितलेच नाही काही. तरी पाय उचलायला पुढे आठ-दहा दिवस लागले."

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "पुरे," त्या म्हणाल्या, "लोक बघतायत."

पावसला जाणारे पुष्कळ. सारे त्या खोलीपाशी हात जोडतात, मीही जोडते. पण तेव्हापासून माझा एक नमस्कार त्या घरच्या स्वयंपाकघरालाही असतो. चाळीस वर्षांत त्या चुलीवर किती वेळा पाणी तापले असेल, किती वेळा भात मऊ शिजला असेल, घरात लग्ने-बारशी आणि दुखणी-खुपणी चालू असतानाही खोलीतल्या माणसाची वेळ कशी सांभाळली गेली असेल, याचा हिशेब कोणी लिहिलेला नाही. पोथी वाचताना मला तो न लिहिलेला हिशेबही वाचल्यासारखा वाटतो. श्रद्धा मला परत मिळाली ती अशी. हे बरे झाले म्हणून नव्हे. उजवा हात तर अखेरपर्यंत नीट झालाच नाही. पण पहाटे चार वाजता, ज्याची जराही अपेक्षा ठेवण्याचा मला हक्क नव्हता असे कोणी माझ्या चुलीपाशी येऊन बसते, हे ज्या जगात घडते त्या जगात दिवा लावायला हरकत नाही, असे मला वाटू लागले.

हे २००९ साली गेले. दादाही त्यानंतर पाच वर्षांनी गेले. वहिनींनी आता ऐंशी ओलांडली आहे. मुलगा-सून त्यांना 'आमच्या घरात येऊन राहा' म्हणतात, पण त्या मूळ घर सोडायला तयार नाहीत. तेव्हा रोज सकाळी मी पेजेचे पातेले घेऊन त्या वाटेने जाते. माझेही गुडघे दुखतात, हे आपण जाणताच. म्हणून हल्ली नातू एक कान धरतो. सातबारे अजून वेगळे आहेत. गडगाही उभाच आहे, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि नेचे उगवतात. काढलेले दगड दादांनी जेथे ठेवले तेथेच आहेत; त्यांवर बसून मुले आंबे खातात. सात कलमांचे आंबे.

यंदाही चतुर्दशीच्या पहाटे वहिनींच्या तुळशीपाशी आम्ही सगळे कारीट फोडू. त्यांच्याने आता अंगठ्याने फुटत नाही. नातू त्यांच्या पायावर आपला पाय ठेवून फोडतो. मग त्या मला हटकून विचारतात, "पोह्यांत गूळ नीट घातलास ना?" पन्नास वर्षे झाली तरी त्यांचा माझ्या हातावर विश्वास नाही!

आपल्या घराभोवतीही एखादा गडगा असेल. तो साराच्या सारा पाडा, असे मी म्हणत नाही. ते मलाही जमले नाही. चार दगड काढून पाहा. पातेले जाईल एवढी वाट पुरते.

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.