गाव वाढलं म्हणजे काय झालं?

"अप्पा, मंद्रूप लई वाढलं की!" विजयपूर रस्त्यावर एसटीतून उतरलेला पाहुणा हमखास असं म्हणतो. मी व्हय म्हणतो आणि चहा सांगतो. पण मनात खुपतं. नेमकं काय वाढलं, हे एकदा कुणीतरी बोललं पाहिजे. मीच बोलतो. दहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे, चुकलं तर कान धरा.

मी पोरगा होतो तेव्हा सोलापूर वीस-पंचवीस किलोमीटरवरच होतं, पण एसटी चुकली की दिवस गेला. मिलमध्ये लागलेला माणूस तिकडंच खोली करून राहायचा, सणाला यायचा. आता मिलचे भोंगे बंद झाले आणि रस्ता चौपदरी झाला. सकाळी सातला वडाप भरतात. नर्सा, कारकून, दुकानातली पोरं, कॉलेजच्या पोरी सगळे जातात आणि दिवेलागणीला परत येतात. माझी नात त्यातच आहे. दोन वर्षांमागं घरच्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अर्ध्या तासात दवाखाना गाठला. त्यामुळं रस्ता वाईट असं म्हणायची माझी जीभ नाही.

माझं भांडण रस्त्याच्या दोन्ही बाजूंशी आहे.

तिथं काळी माती होती. एकदा परतीचा पाऊस पिला की पुढं नुसत्या थंडीवर शाळू पिकवणारी. मूठभर पेरावं आणि पोतं भरावं. आता तिथं पांढरे दगड रोवलेत. एक गुंठा, दोन गुंठे, तीन गुंठे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 साली सरकारनं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं, बागायत 10 गुंठे आणि जिरायत 20 गुंठे. कायदा कागदावर राहिला आणि जमीन चौकोनात निघाली. काळ्या रानात घर बांधलं की पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तडा जातो. हे आमच्या आज्याला ठाऊक होतं, म्हणून जुनं गाव त्यानं पांढरीत वसवलं आणि काळी पिकाला ठेवली. शहाणा कोण मग?

प्लॉट पाडताना एका ठिकाणी ओढा बुजवला. मुरूम टाकून सपाट केलं. मी विचारलं, तर उत्तर आलं, "अप्पा, त्या ओढ्याला पाणी कधी बघितलाव का?" 2020 च्या ऑक्टोबरात बघितलं. पाण्याला वाट नव्हती, ते माझ्या बागेत चार दिवस उभं राहिलं. पंचनामा झाला, फोटो निघाले. ओढा मात्र अजून मुरुमाखालीच आहे. 2025 च्या सप्टेंबरात सीनामाय रस्त्यावर आली, सोलापूर-विजयपूर वाहतूक थांबली, तेव्हा वडापवाले, नोकरीवाले सगळे अडकले. रस्त्यावर जगणारं गाव रस्ता बंद झाला की कसं लंगडं होतं, ते त्या दिवशी दिसलं.

आता कुणी म्हणेल, शेती परवडत नाही म्हणून लोक विकतात, त्यात प्लॉटवाल्याचा काय दोष? हे खरंय. माझा धाकटा भाऊच हे म्हणतो. रस्त्याकडेची आमची दोन एकर सामाईक आहे. "दादा, कशाला एवढा जीव टाकायलाव? बागेत घातलेला पैसा निघत नाही. विकून बँकेत ठेवू." मी त्याला खोटं पाडू शकत नाही. छाटणी, औषध, मजुरी आधी द्यायची आणि भाव शेवटी व्यापारी सांगणार. बेदाणा करावा तर चार किलो द्राक्षं वाळून एक किलो हातात येतो, आणि ऐन वाळवणीत ढग आलं की तोही काळा पडतो.

शेजारच्या नान्नजनं सोनाका वाण देशाला दिला. द्राक्षाचा जिल्हा म्हणून आमचं नाव होतं. मग 2001 साली वाइनचं धोरण आलं. अकलूजकडं इटलीवाल्यांच्या भागीदारीत फ्रातेल्लीची वाइन तयार होते. त्यांचं चांगलं होवो. पण 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा सगळं राज्य आमच्या नावानं भांडत होतं. एक म्हणे शेतकरी तरेल, दुसरा म्हणे संस्कृती बुडेल. आम्हाला कुणी विचारलं नाही. वाइनची द्राक्षं वेगळी, खायची वेगळी. माझ्या सोनाकाची चांगली वाइन होत नाही. मग माझ्या नावावर भांडण कशाला? शीतगृह, रास्त दर, वेळेवर विमा मागताना एवढा आवाज कुणी केला असता तर भाऊ आज विकायचं बोलला नसता.

हीच रीत सगळीकडं. फताटेवाडीत 1,320 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे, आणि आमच्या मोटारीला वीज येते ती रात्री-अपरात्री. उजनीचं पाणी भीमेतून टाकळीपर्यंत येतं आणि शहराकडं उचललं जातं. त्या वेळी नदीकाठच्या मोटारींची वीज कमी होते. शहराला पाणी द्यावं, तहानलेल्याला नाही कोण म्हणेल? पण देणारा कायम आम्हीच, आणि मागास म्हणून नावंही आम्हालाच.

तेव्हा माझं सरळ म्हणणं आहे. घरं पाहिजेत, तर माळरान, मुरमाड रान आहे, तिथं रीतसर मंजुरी घेऊन बांधा. गटार आधी, घर मागनं. ओढ्याच्या नकाशावर बोट ठेवून ग्रामसभेत विचारा, इथला ओढा कुठं गेला? आणि सोलापूरला रोज जाणाऱ्या पोरांनो, महिन्यातून एकदा ग्रामसभेला बसा. तुम्ही नुसते झोपायला घरी आलात, तर गावाचा निर्णय दुसराच कुणीतरी घेणार.

धाकट्यानं अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर मागितलंय. माझ्याकडं त्याच्या हिशेबाला तोडीस तोड हिशेब नाही. एवढंच सांगितलं, "विकायचंच असलं तर तुझी एकर वाटून घे, सही करतो. माझ्या एकरात शाळू येईल." तो उठून गेला. रागावला की विचारात पडला, कळलं नाही. मी मात्र ओढ्याच्या तोंडाशी फावडं घेऊन जायलोय. सरकार येईपर्यंत निदान माझ्या बांधाकडचा मुरूम तरी मी काढतो.