खिडकी उघडते किती?

फौजी माणूस रिटायरमेंट दिसू लागेपर्यंत आयुष्यात एकही खिडकी विकत घेत नाही. घर सरकारचं, चौकट सरकारची. तावदान फुटलं तर कंप्लेंट रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची. घर सोडताना मार्चिंग आउटच्या दिवशी कुणीतरी येऊन कड्या-कोयंडे मोजतो, फुटक्या काचेचे पैसे कापतो आणि आपण ट्रंका ट्रकमध्ये चढवून पुढच्या पोस्टिंगला निघतो. वीसेक वर्षांत माझी चौदा घरं झाली. लेहच्या खोलीतल्या खिडकीला आतून प्लास्टिक ठोकलेलं होतं. बिकानेरला खिडकीपेक्षा तिच्यातला कूलर महत्त्वाचा. तेजपूरला जाळी फाटली की रात्रीची झोप संपली. खिडकीविषयी इतकं सगळं कळलं, पण खिडकी निवडायची कशी, हा प्रश्न कधी समोर आलाच नाही.

तो आता बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये आला आहे. इथे आमचा एक जुना फ्लॅट आहे. भाडेकरू फेब्रुवारीत जातोय आणि साताऱ्याहून आई-बाबा राहायला येणार आहेत. आईला दमा आहे, बाबांचे गुडघे. नंतर, वर्दी उतरल्यावर, आम्हीही तिथेच. कामांची यादी सौ.ने केली: खिडक्या, बाथरूमची गळती, वायरिंग, किचन, रंग. जुन्या लाकडी चौकटी पावसात फुगतात, दोन ठिकाणी वाळवी लागली आहे, झडपा अर्ध्यात अडकतात. म्हणून सुरुवात खिडक्यांपासून.

तीन विक्रेते येऊन मापं घेऊन गेले. तिघांनीही विचारलं, फ्रेमचा रंग कोणता, काच साधी की टिंटेड, जाळी हवी का. खिडकी उघडायला किती हवी, हे एकानेही विचारलं नाही. तिघांच्याही कोटेशनमध्ये यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या. का, तर सगळे त्याच लावतात. माझ्या मते बंगळुरूसारख्या शहरात ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे, आणि रिटायर्ड लोक तिला सगळ्यात आधी बळी पडतात.

हिशेब साधा आहे. १२ बाय १२ची बेडरूम म्हणजे १४४ चौरस फूट. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार खोलीला बाहेरची हवा मिळावी म्हणून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ठरावीक हिश्शाइतकी खिडकी लागते: कोरड्या उष्ण हवामानात एक दशांश, दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश. बंगळुरू मधल्यात धरलं तर १८ चौरस फूट. आमची खिडकी ५ बाय ४, म्हणजे २०. झालं की! पण त्याच कोडात पुढे म्हटलंय की खिडकीचा काही भाग बंद राहणारा असेल तर उघडणारा भागच मोजायचा. दोन झडपांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी एकच झडप सरकते. २०चे झाले १०, फ्रेमची जाडी वजा केली तर ९. म्हणजे लाखभर रुपये खर्चून आपण निम्मी खिडकी विकत घेणार, आणि मग खोली कोंदट वाटते म्हणून एसी लावणार.

बिजागरीवर उघडणारी झडप जवळजवळ पूर्ण भोक मोकळं करते. शिवाय बंद केल्यावर ती रबराच्या पट्टीवर दाबून बसते, त्यामुळे आवाज आणि धूळही कमी येते. सरकत्या खिडकीत झडप रुळावर मोकळी राहावी लागते, मध्ये फक्त ब्रशसारखी पट्टी असते. ओल्ड एअरपोर्ट रोडच्या जवळ राहणाऱ्याला हा फरक रात्री अकरा वाजता कळतो. बिजागरीची खिडकी महाग पडते, वाऱ्याने आपटू नये म्हणून चांगले स्टे लागतात आणि झडप बाहेर उघडणारी असेल तर जाळी आतून बसवताना थोडी कटकट होते. ती कटकट मला मान्य आहे.

हे शहर एकेकाळी खिडक्यांच्या बाबतीत फार शहाणं होतं. इंग्रजांनी १८०९मध्ये इथे छावणी वसवली, ती समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या हवेसाठीही. छावणीतले जुने बंगले अजून थोडेफार उरले आहेत. त्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांचं टोकदार टोपरं दिसतं. त्याला इथे मंकी टॉप म्हणतात. त्यातून ऊन आणि पाऊस अडतो, वारा येतो. आत छताजवळ दोरीने उघडायचा झरोका असतो, गरम हवा तिथून बाहेर पडते. १८९६मध्ये विन्स्टन चर्चिल तरुण अधिकारी म्हणून इथे आला, तो छावणीतल्या बंगल्यातच राहिला. (बंगलोर क्लबच्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी अजून आहे. मेस बिल वेळेवर भरा, हे सबॉल्टर्न मंडळींना सांगायला उपयोगी पडतं.) त्या बंगल्यात वीज नव्हती, पंखा ओढायला माणूस होता, आणि तरीही त्या खिडक्यांमागचा विचार आज आपल्या कोटेशनांत नसतो. कन्नडमध्ये खिडकीला किटकि म्हणतात. शब्द तर सारखाच आहे, इथल्या जुन्या सुताराशी बोलणं अवघड जाऊ नये.

आता हवा बदलली आहे हे खरं. २०१६च्या एप्रिलमध्ये बंगळुरूचा पारा ३९ अंशांच्या वर गेला होता. म्हणूनच ऊन कुठून येतं हे आधी बघायला हवं. आपल्याकडे समजूत अशी की उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. बंगळुरू १३ अंश अक्षांशावर आहे. इथे २४ एप्रिलच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी तो उत्तरेकडे असतो. तो इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जा त्याला अडवतो. खरी शत्रू पश्चिमेची खिडकी. तिथे चार वाजताचं ऊन आडवं आत येतं, छज्जा काही करू शकत नाही, आणि जून ते सप्टेंबरचा पावसाचा झोतही बहुतेक त्याच बाजूने. खर्च करायचा तर पश्चिमेला करा: चांगली काच, बाहेरून चटई किंवा लाकडी पट्ट्यांचा पडदा. ऊन काचेतून आत आल्यावर आतल्या पडद्याने अडवणं म्हणजे शत्रू खंदकात शिरल्यावर तार लावणं.

या सगळ्याहून मोठा मुद्दा गजांचा आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी इथल्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या कार्ल्टन टॉवर्स या इमारतीला आग लागली. विजेच्या डक्टमधून धूर वर चढत गेला. कोंडलेल्या माणसांनी काचा फोडून श्वास घेण्याची धडपड केली, काहींनी खाली उड्या मारल्या. ९ माणसं गेली. ती कचेऱ्यांची इमारत होती, तिला काचा होत्या आणि त्या निदान फुटत तरी होत्या. आपल्या घरांच्या खिडक्यांना आपण स्वतः वेल्डिंग करून लोखंडी पिंजरा लावतो. चोराला बाहेर ठेवण्यासाठी. आमच्या फ्लॅटच्या सहाही खिडक्यांना असे गज आहेत आणि बाहेर जायला दार एकच, तेही किचनला लागून. नव्या खिडक्यांचं कोटेशन देणाऱ्या तिघांनीही म्हटलं, ग्रिल तसंच राहू दे सर, पैसे वाचतील.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सॅपर अधिकारी राहतात, मद्रास इंजिनिअर ग्रुपचे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी प्रत्येक खोलीतल्या एका ग्रिलमध्ये माणूस बाहेर पडेल एवढी उघडणारी झडप करून घेतली आहे. आतून कुलूप, किल्ली शेजारच्या खिळ्यावर. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, कामवाल्या बाईंनासुद्धा, ते किल्ली दाखवतात. मला म्हणाले, माईनफिल्ड घालताना आपण आपल्यासाठी वाट ठेवतो आणि ती नकाशावर लिहितो, घरात का नाही? लहान मुलं असतील तर किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशी हवी, गजांमधलं अंतरही कमी हवं. पण उघडणारी झडप नाही असं ग्रिल मी लावू देणार नाही. सौ. म्हणाली, चोर आला तर? तळमजल्यावर असतो तर मी दहा वेळा विचार केला असता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. माझ्या मते तिथे चोरापेक्षा शॉर्ट सर्किटची भीती जास्त.

कामाचा क्रम लोक उलटा लावतात. आधी मॉड्युलर किचन, कारण ते दिसतं. मग रंग. मग कधीतरी खिडक्या, आणि चौकट काढताना कडेचं प्लास्टर पडून रंग वाया. आधी गळती, मग वायरिंग, मग खिडक्या, मग प्लास्टर आणि सगळ्यात शेवटी रंग. किचन त्यानंतर, पैसे उरले तर. खिडकीचं काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकावं, एप्रिलपासून इथे संध्याकाळच्या सरी सुरू होतात. उंबऱ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार आहे का आणि छज्जाखाली पाणी तोडणारी खाच आहे का, हे गवंडी असेपर्यंत बघून घ्यावं. ते नसेल तर जर्मन फ्रेमसुद्धा ओल थांबवणार नाही. बाहेरची भिंत सोसायटीच्या सामाईक मालकीची असते, त्यामुळे फ्रेमचा रंग किंवा बाहेरचं रूप बदलायचं तर आधी लेखी परवानगी.

पैशांबद्दल रिटायर होणाऱ्यांना एक सांगतो. बहुतेक जण हे काम कम्युटेशनच्या रकमेतून करतात. तो पैसा बक्षीस नव्हे, आपलीच पेन्शन आहे, आणि पुढची १५ वर्षं दर महिन्याला कापली जाते. ज्या वस्तूचा कंटाळा पाच वर्षांत येणार, तिच्यावर ती रक्कम लावताना मी थांबेन. माझ्या एका सीनियरनी सगळी खोली काचेची केली. छान दिसते. दुपारी ते तिथे बसत नाहीत.

आमच्या सहा खिडक्यांपैकी दोनच्या चौकटी सागाच्या आणि ठणठणीत आहेत. त्या काढायच्या नाहीत, फक्त झडपा नव्या करायच्या, बिजागऱ्या पितळी, काच टफन्ड. तिन्ही विक्रेत्यांना यात रस नाही, कारण जुनी चौकट ठेवली की त्यांची फ्रेम विकली जात नाही. असं काम करणारा सुतार शोधतो आहे. बंगळुरूतल्या कुणा वाचकाने जुन्या सागाच्या चौकटीत नव्या झडपा बसवून घेतल्या असतील, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या नीट लागत असतील, तर कृपया कळवा. फेब्रुवारीच्या आत.