लाथ आधी, सिलिंडर नंतर

शोध-बचाव साहित्याची यादी निघाली की तीत बोट असते, लाइफ जॅकेट असते, दोर असतो. कधी पाणबुड्याचा सिलिंडर आणि फिन्सही असतात. ते फिन्स घालून पाय कसा मारायचा, हे कोणी विचारत नाही. भंडारा जिल्ह्यात हाच प्रश्न पहिला हवा.

गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली काय आहे, हे पवनीच्या माणसाला सांगायला नको. १९८८ साली धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढत गेले, गावे उठली. गावांची जागा पाण्याखाली गेली आणि तिच्यावर वैनगंगेचा गाळ बसतो आहे. अशा ठिकाणी पडकी भिंत, बुडालेले झाड, तुटके जाळे यांच्यामधून वाट काढणारा पाणबुड्या अडचणीच्या जागेतच असतो, भले वर मोकळे आभाळ असो.

पाय सरळ ठेवून वर-खाली मारण्याची सवय इथे घातक ठरते. प्रत्येक फटक्यासरशी पाणी तळावर आदळते आणि गाळ उठतो. दोन-चार फटक्यांत स्वतःचा हात दिसत नाही. बारीक माती लवकर खाली बसत नाही, सिलिंडरमधली हवा मात्र संपत असते. घाबरलेला माणूस ती आणखी लवकर संपवतो.

पाण्याखालच्या गुहांत उतरणारे पाणबुडे म्हणून आधी लाथ शिकतात. शरीर आडवे, गुडघे वाकलेले, पावले वर. बेडकासारखी लाथ, पण आखूड. पाणी खाली न ढकलता मागे ढकलायचे, मग थांबून तरंगत पुढे जायचे. मागे सरकण्याची लाथ वेगळी, जागच्या जागी वळण्याची वेगळी. फारच अरुंद जागी पाय मारायचेच नाहीत. बोटांनी आधार धरत सरकायचे. कमरेचे वजन चुकले आणि पाय लोंबले, तर उत्तम लाथही गाळच उडवते.

राज्याची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण नितळ पाण्यात, वाळूच्या तळावर वाईट लाथही खपून जाते. इथल्या गाळाने भरलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात ती खपणार नाही.

कोणी बुडाले की आजही हाक जाते ती ढिवर मच्छीमारांच्या वस्तीत. तिथली माणसे दमावर उतरतात. तळ कसा आहे, हे त्यांना कळते. त्यांना नुसते फिन्स देणे म्हणजे पायाची ताकद वाढवणे, आणि ती ताकद चुकीच्या दिशेने गेली तर गाळही तेवढाच जास्त.

गोसेखुर्दवर जलपर्यटन येते आहे. बोटी वाढतील, माणसे वाढतील. त्याआधी ढिवर तरुणांची एक तुकडी निवडा, तिला मानधन द्या, तारकर्लीचा प्रशिक्षक इथे आणा. परीक्षा मामा तलावाच्या गाळावर घ्या. ज्याच्या मागे पाणी गढूळ झाले, त्याला शोधासाठी उतरवू नका.